एकच तीव्र मध्यम: क्वायरसाठी रचना करायला बसणाऱ्यांना

क्वायरसाठी, म्हणजे अनेक आवाजांत एकत्र गाणाऱ्या वृंदासाठी, रचना करायची हौस आपल्यातल्या अनेकांना अमेरिकन संगीतकार मॉर्टन लॉरिडसन ऐकून लागते. मलाही तशीच लागली. चार आवाजांचे पल्ले, स्टाफ नोटेशन वगैरे तुम्हाला येत असेलच. मी वर्षभर जिथे अडकले, तेवढंच सांगते.

त्यांच्या 'ओ माग्नुम मिस्तेरियुम' या ख्रिस्तजन्मावरच्या लॅटिन रचनेचा तो मऊ, उजळ नाद कशाने येतो, हे आपल्याला कळलं असं मला फार लवकर वाटलं. सा-ग-प मध्ये शेजारचा रे मिसळायचा. बस. मग मी प्रत्येक बारमध्ये, म्हणजे स्वरलिपीतल्या प्रत्येक खणात, रे घातला, पुढे ध घातला, नी घातला. संगणकावर वाजवलं की अंगावर काटा यायचा. तालमीत अकराव्या बारला सगळं कोसळलं. अल्टोतल्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजातल्या, एका वयस्क बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "हा सूर मी कुठून धरू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदल्या सुरावरून तिथे पोचायला मी वाटच ठेवली नव्हती.

घरी येऊन मूळ रचना पुन्हा उघडली आणि फक्त अल्टोची ओळ गायले. रचना डी मेजरमध्ये आहे. डी म्हणजे सा धरा. अख्ख्या रचनेत त्या सुरावटीबाहेरचा एकच स्वर आहे, जी शार्प. आपला तीव्र मध्यम! तो अल्टोला मिळतो, 'वीर्गो' शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. वीर्गो म्हणजे कुमारी मेरी. ख्रिस्तजन्माच्या आनंदात तिच्या वाट्याचं दुःख या एका स्वराने दाखवायचं होतं, असं लॉरिडसननी स्वतः लिहिलंय. त्यांच्या डोळ्यांसमोर होतं पॅसाडीनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयातलं स्पॅनिश चित्रकार सुर्बारानचं १६३३ सालचं चित्र: लिंबं, संत्री, पाण्याचा पेला, गुलाब आणि मागे नुसता काळोख.

विवादी, म्हणजे रागात न बसणारा, स्वर जाणून, जपून लावला तर राग खुलतो, हे मी पुण्यात गाणं शिकताना कितीदा ऐकलं होतं. भाषा बदलली आणि मी ते विसरले, याचं अजून वाईट वाटतं. तो तीव्र मध्यम बोचतो, कारण आधी कुठेच काही बोचलेलं नसतं. मी तर पहिल्या बारपासूनच टोचायला सुरुवात केली होती.

म्हणून सांगते, प्लेबॅकवर रचना पास करू नका. संगणकाला दम लागत नाही आणि सूर शोधावा लागत नाही. चारही ओळी स्वतः गा, बेसची, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाची, एक सप्तक वर घेऊन गा, पण गा. जी ओळ तुम्हाला गाता येत नाही, ती दुसऱ्यांकडून मागायचा तुम्हाला हक्क नाही. आणि कागद बघून 'छान' म्हणणाऱ्या गुरूपेक्षा तालमीत मागच्या रांगेत येऊन बसणारा गुरू धरा. असे कमी असतात, पण असतात.

उशीर झालाय असं वाटत असेल तर मनातून काढा. लॉरिडसन तरुणपणी वनखात्यात वणवे विझवायचे, सेंट हेलेन्स डोंगराजवळच्या मनोऱ्यावर एकटे पहारा द्यायचे. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं शिकवलं. १९९४ साली लॉस एंजेलिस मास्टर कोराल या क्वायरने 'ओ माग्नुम मिस्तेरियुम' पहिल्यांदा गायली तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. 'लुक्स एतेर्ना' त्यानंतर, १९९७ मध्ये. अमेरिकेचं राष्ट्रीय कलापदक २००७ मध्ये.

माझ्या नव्या रचनेत अल्टोला परका स्वर एकच आहे, चोविसाव्या बारला. आदल्या सुरापासून अर्ध्या स्वरावर. उद्याच्या तालमीत मी त्याच बाईंच्या शेजारी उभी राहून तो गाणार आहे. त्यांची पेन्सिल खाली गेली, तर तोही काढेन.