केबिन बॅग की चेक-इन? विमानाचं सामान भरताना या चुका टाळा (आई-बाबांना परदेशी पाठवताना तर नक्कीच)

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा पहिल्यांदा दादाकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा बॅगा मी भरल्या होत्या. आठ दिवस घरभर पसारा, हॉलमध्ये मधोमध वजनकाटा, एकीकडे बेसनाचे लाडू एकीकडे स्वेटर, आणि निघायच्या आदल्या रात्री हातातली बॅग सात किलोच्या वर जातेय म्हणून मी बाबांच्या औषधांचा डबा उचलला आणि मोठ्या बॅगेत टाकला. काटा बरोबर सातवर आला, मी निश्चिंत. पुढे काय झालं तर पहिलं विमान उशिरा पोचलं, आई-बाबा कसेबसे पळत दुसऱ्या विमानात चढले पण बॅगा नाही चढल्या, त्या आल्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. बाबांची बायपास झालीये, रक्त पातळ करायची गोळी रोजची आहे. तिकडे आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केमिस्ट ती गोळी देत नाही, तिथल्या डॉक्टरला दाखवायचं, त्याने लिहून द्यायची, मग मिळणार. दादा रजा टाकून त्यांना घेऊन फिरला आणि मी इथे रात्रभर फोन हातात घेऊन बसले होते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारते, ही वस्तू तीन दिवस मिळाली नाही तर काय अडेल? अडणार असेल तर ती केबिन बॅगेत, मग वजनासाठी दुसरं काहीही बाहेर काढावं लागलं तरी चालेल. आपण सगळे उलटं करतो, आधी काटा बघतो आणि जड दिसेल ते खाली ढकलतो. बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

औषधं मोठ्या बॅगेत

रोजची औषधं सगळीच्या सगळी हातात ठेवा, अगदी तीन महिन्यांचा साठा खूप मोठा असेल तर निदान दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या तरी. मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, त्या सोमवार-मंगळवारच्या डबीत सुट्या करून नेऊ नका, विचारलं तर कुठली गोळी कसली हे दाखवता आलं पाहिजे. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाईप केलेली चिठ्ठी घ्या आणि त्यात औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ घटकाचं नाव हवं, कारण आपल्याकडचे ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही.

इन्सुलिन तर खाली टाकायचंच नाही. सामानाच्या कप्प्यात गारठा किती असेल याचा भरवसा नसतो आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरण्यालायक राहत नाही. बरेच जण घाबरून खाली टाकतात की हातात १०० मिलीच्या वर द्रव न्यायचा नाही असा नियम आहे, सिक्युरिटीवाले काढून घेतील. तो नियम २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला विमानांत द्रव स्फोटकं न्यायचा कट उघडकीला आला त्यानंतर आला, पण प्रवासात लागणाऱ्या औषधांना त्यात सूट असते. फक्त लपवायचं नाही, ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवायचं आणि आधीच सांगायचं.

औषधांच्या जोडीला चष्मा, कानाचं मशीन, घराच्या किल्ल्या, सगळी मूळ कागदपत्रं आणि दागिने. लग्नाला जाताना दागिने साडीच्या घडीत गुंडाळून चेक-इनमध्ये टाकणारे मी आमच्याच नात्यात बघितलेत. बॅग हरवली तर दागिने आणि रोख रकमेची जबाबदारी एअरलाईन घेत नाही, तिकिटाच्या अटींमध्ये तसं लिहिलेलंच असतं.

पॉवर बँक खाली टाकली

एअरपोर्टवर तुमच्या नावाची अनाउन्समेंट होऊन बॅग उघडायला बोलावतात ना, त्यात पॉवर बँक निघण्याचे प्रकार खूप असतात. नियम सोपा आहे, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या कायम हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. कारण कळलं की लक्षात राहतं. ही बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते आणि पेट घेते, केबिनमध्ये झालं तर क्रू लगेच बघून पाणी मारून विझवू शकतो, खाली कप्प्यात कोणाला दिसणारच नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेलं एक मालवाहू विमान लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला लागलेल्या आगीत कोसळलं आणि दोन्ही पायलट गेले.

किती मोठी चालते? १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) परवानगी न विचारता, १०० ते १६० मध्ये एअरलाईनची परवानगी घेऊन, त्यावर नाहीच. पॉवर बँकवर एमएएच लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे २०,००० एमएएचची झाली ७४ वॉट-अवर. आकडा पुसला गेला असेल तर ती पॉवर बँक घरीच ठेवा, आकडा वाचता येत नाही म्हणून काढून घेऊ शकतात. हल्ली बऱ्याच एअरलाईन्स विमानात तिच्यावर फोन चार्ज करूच देत नाहीत, एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून वापर बंद केलाय, बरोबर न्यायला चालते. आणि वरच्या कप्प्यात ठेवू नका, सीटजवळ असू दे. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानात वरच्या सामानाच्या कप्प्यातून आग सुरू झाली होती आणि अख्खं विमान जळालं, माणसं वाचली. त्यानंतर सगळीकडेच कडक झालंय.

गेटवर केबिन बॅग काढून घेतली तर काय, याचा विचारच नाही

मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो आणि याबद्दल कोणी सांगत नाही. तुम्ही सगळं नीट हातातल्या बॅगेत ठेवलं, पण विमान फुल्ल आहे आणि तुम्ही शेवटी चढताय, गेटवरचा माणूस म्हणतो वर जागा नाही, बॅग द्या, टॅग लावतो, खाली टाकतो. छोट्या गावांना जाणाऱ्या एटीआरसारख्या विमानांत तर वरचे कप्पेच एवढेसे असतात की ट्रॉली बॅग जातच नाही. आई-बाबांच्या वयाची माणसं घाईत हो म्हणून बॅग देऊन टाकतात आणि त्यातच पॉवर बँकही असते, गोळ्याही आणि पासपोर्टही.

यावर उपाय म्हणजे केबिन बॅगेच्या आत सगळ्यात वर एक कापडी पिशवी ठेवायची. पासपोर्ट, गोळ्या, पॉवर बँक, चष्मा, फोन, चार्जर, थोडे पैसे सगळं त्या एका पिशवीत. बॅग मागितली की पिशवी ओढून काढायची आणि बॅग देऊन मोकळं व्हायचं. आईला मी घरी दोनदा करून बघायला लावलं होतं, ती म्हणाली एवढं काय शिकवतेस, पण परतीच्या प्रवासात खरंच बॅग घेतली गेली आणि तिने फोन करून सांगितलं की तुझी पिशवी कामाला आली.

भारतात नियमाने हातात एकच बॅग चालते, शिवाय बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची बॅग. वजन बहुतेक ठिकाणी सात किलो. पण प्रत्येक एअरलाईनचं वेगळं असू शकतं, म्हणून तिकिटावरचा आकडा वाचा, शेजाऱ्यांच्या मुलाने काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

खाऊ! इथे सगळ्यात जास्त गोंधळ

आधी सुकं खोबरं. लेक परदेशी निघाली की आपण ओटी भरतो, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, आणि ती ओटी जशीच्या तशी बॅगेत जाते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, दाटीवाटीत ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून ते धोकादायक मालात धरतात, आणि आपल्याकडे ते ना केबिनमध्ये चालत ना चेक-इनमध्ये. ओटी मनापासून भरा, वाटी घरच्या देवापुढे ठेवा, लेकीबरोबर हळकुंड-सुपारी जाऊ दे. पूजेच्या सामानातला कापूर आणि काडेपेटीही तशीच, पटकन पेटणाऱ्या वस्तू, दोन्हीकडे नाही. अडकित्ता, कात्री, नारळ खवायची छोटी विळी हे मात्र चेक-इनमध्ये चालतं, धार नीट गुंडाळून.

लोणचं आणि तूप. आंतरराष्ट्रीय विमानात केबिनमध्ये १०० मिलीच्या वर द्रव नाही, आणि तूप, मध, पातळ चटणी, लोणच्याचा खार सगळं द्रवातच धरतात. मिरचीचं लोणचं तर देशांतर्गत विमानातसुद्धा हातात नेऊ देत नाहीत. म्हणजे ही मंडळी चेक-इनमध्ये, पण पॅकिंग कसं? काचेची बरणी नको. जाड प्लास्टिकची, तोंडाशी आधी पातळ प्लास्टिकचा तुकडा, वर झाकण, झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे, मग दोन झिपलॉक, मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेच्या मध्यात. आणि बरणी गच्च भरायची नाही, वर दोन बोटं जागा ठेवायची. आमच्या मावशीच्या बॅगेत कैरीचं लोणचं सांडलं होतं, दोन पैठण्या गेल्या.

भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, मसाले यांचा नियम फार जणांना माहीतच नाही. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात २०१८ पासून केबिनमध्ये ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असली, म्हणजे साधारण एका कोल्ड्रिंकच्या कॅनएवढी, तर वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर टाकून द्यावी लागते. पिठं सरळ चेक-इनमध्ये टाका, पाकिटावर इंग्रजीत नाव लिहा.

आता खसखस, हे कृपा करून दोनदा वाचा. दिवाळीचा फराळ दुबई-अबुधाबीला पाठवताना अनारशांवर खसखस असते, करंजीच्या सारणात असते, काही घरच्या मसाल्यातही असते. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, आणि सिंगापूरलाही नेता येत नाही. इथे केबिन की चेक-इन हा प्रश्नच नाही, कुठल्याच बॅगेत नाही. अनारसे तिळावर थापा.

अमेरिकेला ताजा कढीपत्ता नेऊ नका, त्यावरच्या किडीमुळे तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो म्हणून बंदी आहे. हापूसही हातात घेऊन जाता येत नाही, २००७ पासून आपला आंबा तिकडे जातो तो लासलगावसारख्या केंद्रांत विकिरण करून, अधिकृत खोक्यांतून. आणि खाण्याचं काहीही असलं तरी तिकडे उतरल्यावर विचारतात तेव्हा हो म्हणायचं. लाडू-चिवडा डिक्लेअर केला तर बहुतेक वेळा बघून सोडतात, नाही म्हणालात आणि सापडलं तर दंड लागतो. आई-बाबांना वाटतं हो म्हटलं की सगळं काढून घेतील, म्हणून हे घरीच समजावून ठेवा.

वजनाची बेरीज चुकते

अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक वेळा २३ किलोच्या दोन बॅगा असं असतं. याचा अर्थ ४६ किलो कसेही वाटा असा नाही. एक बॅग २६ ची आणि दुसरी २० ची झाली तर २६ वाल्या बॅगेचे जादा पैसे. आखाताकडच्या बऱ्याच तिकिटांवर मात्र एकूण वजन असतं, ३० किलो वगैरे, तिथे बॅगा किती यापेक्षा बेरीज महत्त्वाची. आणि पैसे भरले तरी एकच बॅग ३२ किलोच्या वर सहसा घेत नाहीत, कारण ती माणसाने उचलायची असते. घरातल्या काट्यावर बॅग आडवी राहते आणि आकडा दिसत नाही, म्हणून आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा, वजाबाकी करा. एक किलो हातचा ठेवा.

नवरा-बायको जात असतील तर एकाची बॅग एकाची असं करूच नका. दोघांचे दोन-दोन जोड कपडे दोन्ही बॅगांत वाटून टाका, एक हरवली तरी दोघांना बदलायला असतं.

टॅग बघितला नाही

काउंटरवर बॅग दिली की टॅगवरचं शेवटचं शहर वाचा आणि पावतीचा फोटो काढा. टॅग शेवटच्या शहराचा असला तरी अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथे बहुतेक वेळा बॅग बेल्टवरून घेऊन कस्टममधून काढून परत द्यावी लागते. भारतात परत येतानाही तसंच, दुबई-मुंबई-नागपूर असेल तर मुंबईत बॅग घ्यायची. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मग जवळजवळ नक्कीच. वयस्कर माणसांना हे कागदावर मराठीत लिहून द्या, कुठे बॅग घ्यायची आणि कुठे नाही.

बॅग आलीच नाही तर लगेच घरी जाऊ नका

बेल्ट थांबला आणि बॅग नाही, तर तिथल्याच बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवा, त्याला पीआयआर म्हणतात, आणि नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करार लागू होतो, बॅग तुटली-फुटली तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी कळवायचं, उशीर झाला तर हक्क जातो. मधल्या दिवसांत घेतलेले कपडे, टूथब्रश, जरुरीच्या वस्तू यांची बिलं जपून ठेवा, दादाने बाबांच्या डॉक्टरचंसुद्धा बिल लावलं होतं. आणि बॅग बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा एक फोटो, बंद बॅगेचा एक फोटो फोनमध्ये ठेवा, कारण काउंटरवर रंग, आकार, कंपनी विचारतात तेव्हा दमलेल्या माणसाला फक्त काळी ट्रॉली एवढंच आठवतं आणि बेल्टवर काळ्या ट्रॉल्याच सगळ्यात जास्त असतात. आईच्या बॅगेला आता पिवळ्या खणाची पट्टी बांधलेली असते.