ब्लूग्रास: जुनं किती ठेवायचं आणि आपलं कुठे घालायचं

ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल (व्हायोलिन), मेंडोलिन, गिटारवर वाजणारं अमेरिकन लोकवळणाचं संगीत, आणि जॅम म्हणजे सगळ्यांनी वर्तुळात जमून ते वाजवणं. माझा पहिला जॅम. गाणं जी पट्टीत, तीन कॉर्ड, एकदम सोपं, आणि माझी पाळी आल्यावर मी महिनाभर घरी घोटलेलं सगळं एकाच ब्रेकमध्ये (म्हणजे गाण्यात मध्ये एकट्याने वाजवायच्या जागेत) ओतलं, दोन तुकडे जॅझचे, एक ब्लूजचा आणि मध्येच भूपाच्या वळणाचापण एक (भूपाचे पाच स्वर म्हणजे पाश्चात्य संगीतातला मेजर पेंटाटॉनिकच, त्यामुळे बोटं आपोआप तिकडे पळतात). गाणं संपल्यावर फिडलवाले आजोबा हसत म्हणाले, छान वाजवलंस, पण गाणं कुठलं होतं?

तर त्यानंतर जे शिकलो ते लिहितोय. मी बँजो वाजवतो, म्हणजे गणपतीतल्या बँजो पार्टीचा नाही हं, तो मुळात बुलबुलतरंग, हा पाच तारांचा गोल डफासारखा अमेरिकन बँजो.

आधी एक डोक्यातून काढा, की ब्लूग्रासची परंपरा शेकडो वर्षं जुनी आहे. गाणी काही जुनी आहेत, पण हा जो साउंड आपण ब्लूग्रास म्हणून ओळखतो तो डिसेंबर १९४५ पासूनचा, बिल मन्रोच्या बँडमध्ये २१ वर्षांचा अर्ल स्क्रग्ज आला तेव्हापासूनचा. तीन बोटांनी बँजो वाजवणं त्याच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या भागात आधीपासून होतंच, त्याने ते इतकं साफ आणि वेगवान केलं की आज तेच शुद्ध मानतात. आणि मन्रो स्वतः? ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ त्याने १९४६ मध्ये संथ वॉल्ट्झ (तीन ठोक्यांचा ताल) म्हणून रेकॉर्ड केलं, १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने तेच चार ठोक्यांत पळवलं, तर मन्रोने त्याच वर्षी परत रेकॉर्ड केलं, सुरुवात वॉल्ट्झ आणि पुढे फास्ट! म्हणजे ज्याला या संगीताचा बाप म्हणतात त्यानेच स्वतःचं गाणं बदललं, मग आपण का घाबरायचं. पण काय बदललं ते बघा, ताल आणि वेग बदलला, चाल तीच राहिली, ऐकणारा लगेच ओळखतो.

म्हणून पहिलं काम, बँजो, मेंडोलिन, गिटार जे असेल ते बाजूला ठेवून गाणं तोंडाने म्हणा. मग एकाच तारेवर चाल वाजवा, रोल (उजव्या हाताच्या बोटांचा ठरलेला फिरता क्रम) नाही, काही नाही. हे कंटाळवाणं आहे आणि ९० टक्के लोक (मीपण) टाळतात.

मग जुना एक ब्रेक, स्क्रग्जचा असला तर उत्तम, जसाच्या तसा उचला. यूट्यूबवर स्पीड अर्धा करून, सूर न् सूर. टॅबवर (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं असतं ते) विसंबू नका, अंगठ्याचा जोर कुठे पडतो ते टॅबमध्ये कळत नाही आणि सगळी गंमत तिथेच आहे, चालीचे सूर ठळक आणि बाकीचे रोलमध्ये भरलेले. मला एका ब्रेकला दोन महिने लागले.

आता आपलं कुठे घालायचं? गाणारा ओळ संपवून श्वास घेतो ना, त्या फटीत. तिथे गिटारवाले जी-रन टाकतात, म्हणजे मन्रोच्याच बँडमधल्या लेस्टर फ्लॅटचा ओळ संपवणारा तो प्रसिद्ध छोटा तुकडा, तुम्ही तुमचं काही टाका. एका वेळी एकच फट बदला, बाकी ब्रेक जुनाच ठेवा. ते अंगात भिनलं की दुसरी. ख्यालात कसं अर्धा तास राग उलगडायला मिळतो, इथे एका कडव्याएवढी जागा मिळते आणि लगेच पुढच्याला द्यायची असते, त्यामुळे एक चांगली कल्पना पुरते, पाच घातल्या की माझ्यासारखं होतं.

चालच मुळात भरगच्च असेल, म्हणजे फिडल ट्यून वगैरे, तर बँजोवाला बिल कीथ ऐका. १९६३ मध्ये तो मन्रोच्या बँडमध्ये होता. रोलमध्ये चाल बसवण्याऐवजी त्याने फिडलची अख्खी चाल सूर न सोडता बँजोवर आणली, म्हणजे नवी स्टाइल, पण चालीशी जास्तच इमानदार. मला हा सगळ्यात भारी धडा वाटतो.

जिथे स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही ती जागा म्हणजे साथ. ब्लूग्रास बँडमध्ये पारंपरिकपणे ड्रमवाला नसतो, बेस एक आणि तीनवर, मेंडोलिनचा चॉप (कॉर्डचा तुटक ठोका) दोन आणि चारवर, तोच ड्रम. तिथे कलाकारी केली की अख्खं वर्तुळ लडखडतं. दुसरा कोणी गात असेल तर आवाज कमी करा, साधं वाजवा.

गाताना मात्र उलटं, तिथे आपलंच ठेवायचं. मन्रो बऱ्याचदा बी सारख्या उंच पट्टीत गायचा म्हणून तुम्ही घसा फाडायची गरज नाही, कॅपो (वाद्याच्या दांडीवर लावून पट्टी बदलायचा चिमटा) लावा, आपली पट्टी धरा, जॅममध्ये पट्टी आधी सांगितली की कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि केंटकीचा हेल काढू नका प्लीज, आपल्या तोंडी तो सोंग वाटतो.

अनोळखी जॅमला गेलात तर पहिला ब्रेक सरळ वाजवा, परत पाळी आली तर तुमचा. लोकांना एकदा चाल मिळाली की मग तुम्ही थोडे भटकलात तरी ते सोबत येतात.

शेवटी एक टेस्ट. नुसता ब्रेक, साथीशिवाय, फोनवर रेकॉर्ड करून गाणं माहीत असलेल्या कुणालातरी पाठवा आणि नाव विचारा. दुसऱ्या ओळीपर्यंत ओळखलं तर बाकी जे काय घातलंय ते राहू द्या. परवा माझ्या बायकोने तिसऱ्या ओळीला ओळखलं, म्हणजे अजून एक तुकडा काढायचाय, आणि नेमका तो भूपाचा आहे.