जिनिव्हाला पत्र टाकण्याआधी: या चुका टाळा

सोलापुरात पूनम गेटवर उपोषणाला बसणाऱ्यांची निवेदनं लिहून देणं हे माझं वीसेक वर्षांचं बिनपगारी काम. बिडी वळणाऱ्या अक्का येतात, यंत्रमाग कामगार येतात, कुणाच्या पोराला रात्रभर चौकीत बसवलेलं असतं. अलीकडे राज्यशास्त्राची मुलंही प्रकल्पासाठी यायला लागली आहेत, विषय ‘आंतरराष्ट्रीय संबंधांतील मानवी हक्क’. एकाचं पोट जळत असतं, दुसऱ्याला उद्या सबमिशन असतं. चुका मात्र दोघांच्या सारख्याच. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रत रवाना नावाचा रोग

निवेदन लिहायचं जिल्हाधिकाऱ्यांना आणि खाली ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ म्हणून मुख्यमंत्री, पंतप्रधान, राष्ट्रपती, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. यादी जितकी लांब तितकं निवेदन वजनदार, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. माझीही होती.

बरीच वर्षं झाली. रिक्षा चालवणाऱ्या एका पोराला चौकशीला म्हणून नेलं. तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा त्याला मांडी घालून बसता येत नव्हतं. वडील माझ्याकडे आले. मी चार पानी निवेदन लिहिलं, भाषा अशी की वाचणाऱ्याला घाम फुटावा. अकरा प्रती रजिस्टरने पाठवल्या. मग पत्रांना पाय फुटले. ‘पुढील कार्यवाहीसाठी वर्ग’ असं लिहीत वरचं कार्यालय खालच्याला पाठवत राहिलं आणि आमचं निवेदन फिरत फिरत, ज्यांच्याविरुद्ध होतं त्यांच्याच टेबलावर येऊन पडलं. आम्ही वाट पाहत राहिलो. चौदाव्या महिन्यात आयोगाला स्वतंत्र तक्रार केली तेव्हा कळलं की मुदत केव्हाच टळली आहे.

मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्यातलं कलम ३६(२) सांगतं की घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. आणि आधी जी प्रत पाठवली होती ती तक्रार म्हणून धरलीच नव्हती, कारण दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावे लिहिलेल्या अर्जाची नुसती प्रत आयोग दाखल करून घेत नाही. दवाखान्याचा दाखला होता, फोटो होते, साक्षीदार होते. वडील एवढंच म्हणाले, “सर, तुम्ही तर अकरा ठिकाणी पाठवलं होतं की.”

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. माणूस समोर बसला की त्याची कहाणी नंतर, आधी घटनेची तारीख. शेजारी लाल पेन्सिलीने वर्ष पूर्ण होण्याची तारीख, आणि नवव्या महिन्यावर फुली. आयोगाला पत्र वेगळं, आयोगाच्याच नावे, दोन पानांत. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. ‘इंग्रजीतच द्या सर, वजन पडतं’ म्हणणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

जागेचा वाद, नोकरीतली बदली, मालक-कामगार तंटा, कोर्टात चालू असलेलं प्रकरण, यातलं काही आयोगाकडे नेऊ नका. तेच प्रकरण आधी राज्य आयोगाकडे पडून असेल तरी दिल्लीचा आयोग हात लावत नाही.

नावं सारखी दिसली म्हणून दार एकच नसतं

जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क परिषद वेगळी आणि मानवी हक्क समिती वेगळी. परिषद २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या मानवी हक्क आयोगाच्या जागी आली, तिच्यावर ४७ देश निवडून जातात, म्हणजे तिथं सरकारं बसतात. समितीत १८ तज्ज्ञ असतात आणि नागरी व राजकीय हक्कांचा १९६६ चा करार कोण पाळतं यावर त्यांची नजर असते. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. पण व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा जो जोडकरार आहे तो आपण स्वीकारलेला नाही. म्हणून सोलापूरच्या माणसाची तक्रार समिती ऐकूच शकत नाही, मग ती कितीही खरी असो. छळविरोधी कराराचंही तसंच. १९९७ मध्ये सही झाली, मान्यता आजतागायत नाही. ‘सही केली’ आणि ‘मान्यता दिली’ यातला फरक ज्याला कळला त्याचा निम्मा अभ्यास झाला. मुलांच्या प्रकल्पात मात्र दोन्हीला ‘स्वीकारले’ असा एकच शब्द असतो.

हेगचंही हेच. एक तरुण कुरिअरची पावती लॅमिनेट करून घेऊन आला होता, ‘आंतरराष्ट्रीय न्यायालयात केस टाकली’ म्हणून. त्या न्यायालयात १५ न्यायाधीश असतात आणि तिथं खटला फक्त देश देशाविरुद्ध चालवतो. त्याच शहरात फौजदारी न्यायालय आहे ते निराळं, २००२ पासूनचं, आणि त्याच्या करारात भारत नाही. पावती त्यानं जपून ठेवली आहे.

मग उघडं दार कोणतं? संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक. छळ, घर, अन्न, कलावंत, कार्यकर्ते अशा विषयांवर नेमलेले हे स्वतंत्र तज्ज्ञ असतात. त्यांना लिहायला देशानं करार मान्य केलेला असावा लागत नाही, इथली न्यायालयं आधी संपवावी लागत नाहीत. ते सरकारला पत्र पाठवून जाब विचारतात. हुकूम देऊ शकत नाहीत, हेही ऐकून ठेवा.

दुसरं दार म्हणजे परिषदेतली सार्वत्रिक आढावा प्रक्रिया, म्हणजे देशानं मानवी हक्क किती पाळले याची झाडाझडती. प्रत्येक देशाची पाळी साधारण साडेचार वर्षांनी येते. भारताची २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये येऊन गेली. संस्थांना तिथं आपला अहवाल देता येतो, पण एका संस्थेला २८१५ शब्दांची मर्यादा, अनेकांनी मिळून दिला तर ५६३०. माझ्याकडे एक गट चाळीस पानं घेऊन आला होता, त्यातली पहिली बारा पानं संस्थेच्या अध्यक्षांचा परिचय.

बिडी कामगारांसाठी जिनिव्हातच आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आहे, १९१९ ची, आणि भारत तिचा पहिल्यापासूनचा सभासद. तिथं एकट्या माणसाची तक्रार चालत नाही, युनियन लागते. संघटना करण्याचा हक्क मोडला असेल तर ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारतानं मान्य केले नसले तरी त्यांची संघटना-स्वातंत्र्य समिती तक्रार घेते. पण घरी बसून काम करणाऱ्यांसाठीचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार आला की आमचे लोक हमखास घसरतात. ‘सरकारने करार १७७ चा भंग केला’. अहो, जो मान्यच केला नाही त्याचा भंग कसा होईल? ‘मान्यता द्या’ अशी मागणी करा. हा करार व्हावा म्हणून अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं देशोदेशीच्या, घरी बसून काम करणाऱ्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन जोर लावला होता. पूर्व भागातल्या आमच्या अक्कांच्या दारातल्या सुपाचा जिनिव्हाशी संबंध आहे तो असा.

बाईला विचारलं होतं का?

ही चूक मी माफ करत नाही. शहरातून शिकून आलेला एक उत्साही मुलगा. त्यानं एका बिडी कामगार बाईची कहाणी नाव, फोटो आणि वस्तीच्या पत्त्यासकट दिल्लीच्या एका संस्थेला पाठवली, तिथून ती इंटरनेटवर गेली. हेतू चांगलाच होता. पुढच्या आठवड्यापासून बाईला बिड्या वळायला पाने कमी मिळायला लागली, म्हणजे कामच कमी, मग ‘उद्या या’, मग ‘पुढच्या सोमवारी बघू’. तिला कारण कुणी सांगितलं नाही. मुलगा तोवर पुण्याला गेला होता.

विशेष प्रतिवेदकांच्या अर्जात पीडिताची संमती स्पष्ट विचारलेली असते ती उगीच नाही. ते पत्र सरकारकडे जातं. आरोप मांडून जाब विचारणारं पत्र असेल तर उत्तराला साधारण ६० दिवस देतात आणि नंतर ते जाहीर होतं. मी संमती कागदावर घेतो, अक्कांना तेलुगूत वाचून दाखवायला त्यांच्याच गल्लीतली मुलगी बसवतो आणि एक रात्र जाऊ देतो. दुसऱ्या दिवशी निम्म्या जणी नाव काढायला सांगतात. काढतो. घाई असलेल्यांनी दुसरा लेखनिक शोधावा.

उरलेल्या, एकेका ओळीत

गाडीच्या काचेवर ‘मानवाधिकार’ लिहून ओळखपत्रं विकणारे सरकारी आयोगाचे कुणी नसतात, पैसे देऊ नका.

संयुक्त राष्ट्रांचा १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा हा करार नाही. त्याच्या ३० कलमांतलं एखादं लिहून ‘कायद्याचा भंग’ म्हणू नका, संविधानाचं कलम लिहा.

त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द होते, ते बदलून ‘सर्व मानव’ करायला लावलं भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी. प्रकल्पात फक्त मसुदा समितीच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट नको.

डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेबद्दल लिहिताना ‘डर्बनमध्ये २००१ ला जात हा विषय हरला’ एवढ्यावर थांबू नका. अंतिम मसुद्यात जात आली नाही हे खरं, पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं जन्माधारित भेदभावात जात येते असं आपल्या सर्वसाधारण शिफारशीत लिहिलं. दलित संघटना डर्बनला गेल्या नसत्या तर ते इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

आणि ‘जागतिक नागरी समाज ही पाश्चात्त्य कल्पना आहे’ हे वाक्य. नागरी समाज म्हणजे सरकारबाहेरच्या माणसांनी, संघटनांनी मिळून केलेलं काम, इथं देशांच्या सीमा ओलांडून. दर वर्षी पाच-सहा प्रकल्पांत शब्दशः येतं, कुठून उचलतात कोण जाणे. मी मुलांना भैय्या चौकात धाडतो. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये ते धरून पाच भारतीय डॉक्टर युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला निघाले तेव्हा त्यांना पाठवणारं भारत सरकार नव्हतं, काँग्रेस होती, आणि देश स्वतःच पारतंत्र्यात होता. स्मारक बघून या, मग प्रस्तावना लिहू, असं सांगतो. बहुतेक जण फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि विचारतात, “सर, आता काय लिहू?”