गंजलेली जुनी मस्टँग घ्यावी का? आधी बादलीभर पाणी न्या

अमेरिकेत मिशिगन-ओहायोकडे राहणाऱ्यांना हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. कुणाच्या तरी कोठारात ताडपत्रीखाली 1965 ते 1968 मधली फोर्ड मस्टँग उभी असते. टायर बसलेले, चाकांवरच्या कमानी गंजाने खाल्लेल्या. मालक सांगतो, "इंजिन फिरतंय, बाकी किरकोळ गंज आहे." मला या गाड्या मनापासून आवडतात, म्हणूनच सांगतो, इंजिनावर निर्णय घेऊ नका. इंजिन खोलून ताजं करता येतं, नाहीतर दुसरं बसवता येतं. गाडी वाचेल की नाही हे पत्र्यावर ठरतं, आणि तेही नजरेआड असलेल्या पत्र्यावर.

या मस्टँगला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. खालच्या पोकळ रेल, फ्लोअर, दारांखालचे उंबरठे आणि काचेपुढचा भाग एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा होतो, तीच तिची चॅसी. त्याच काळातल्या शेव्हरोले शेव्हेलची बॉडी वेगळ्या फ्रेमवर बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे तिथे फ्लोअर सडला तरी फ्रेम शाबूत असू शकते. मस्टँगचा फ्लोअर सडला, तर तिच्या कण्यालाच धक्का बसलेला असतो.

बघायला जाताना टॉर्च, फ्रिजवरचं हलकं चुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, जॅक, भक्कम स्टँड आणि बादलीभर पाणी बरोबर ठेवा.

सुरुवात पाण्यापासून करा. पुढच्या काचेखाली हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात. त्यांच्याखाली पत्र्याची एक बंद पेटी आहे, तिला काउल म्हणतात. पावसाचं पाणी तिच्यात शिरून दोन्ही कडांनी पुढच्या चाकांमागे बाहेर पडावं, अशी तिची रचना. पण वर्षानुवर्षं पानं साचतात, चिखल होतो, आणि आतल्या हवेच्या भोकांभोवतीच्या पत्र्याच्या कडा सडतात. मग पाणी थेट पाय ठेवायच्या जागी उतरतं आणि फ्लोअर वरून कुजायला लागतो. म्हणून मालकाची परवानगी घ्या, एकाला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालायला सांगा आणि जाळीतून दोन्ही बाजूंना सावकाश पाणी ओता. आत एक थेंब जरी पडला तरी समजा की काउल गेला. तो बदलायचा तर समोरचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, काढून ढीगभर स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे ठिपके, एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. नवा फ्लोअर टाकून काउल तसाच ठेवणारे लोक आहेत. त्यांचा नवा फ्लोअरही पुढे सडतोच.

मग गाडीखाली जा, पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही नाही. पुढच्या रेल फ्लोअरला मिळतात तिथली पत्र्याची पेटी, म्हणजे टॉर्क बॉक्स, मागच्या पाट्याच्या स्प्रिंगचं पुढचं टोक बसतं ती जागा, आणि बॅटरीखालची उजवी रेल, या तीन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. बॅटरीचं ॲसिड गळून ती रेल वरून खाल्ली जाते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बाकीच्या भागाला खालून खातं. कोकणात खाऱ्या वाऱ्याने झिजलेली पत्र्याची पन्हळ ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. बॉनेट उघडून शॉक टॉवरना, म्हणजे पुढच्या सस्पेंशनचा भार घेणाऱ्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पत्र्यांना, तडे आहेत का तेही पाहा.

दार मागच्या कडेला धरून वर-खाली हलवा. बिजागरी खुळखुळत असेल तर दुरुस्ती सोपी. बिजागरी घट्ट असूनही दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, तर बॉडी मधून बसली असण्याची शक्यता आहे. उघड्या टपाच्या गाडीत हे विशेष जपून बघा.

बाहेरचा चकचकीत रंग पाहून भुलू नका. वरून कीर्तन आणि आतून तमाशा असू शकतो. मागच्या चाकांभोवती आणि दारांच्या खालच्या कडेला चुंबक फिरवा. ते चिकटलं नाही तर तिथे पत्रा नसून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. छतावर व्हिनाइल असेल तर त्याच्या कडांना फुगवटा आहे का ते बोटांनी चाचपा.

आता गाडी मुळात कोणती ते वाचा. 1967 च्या गाडीचा कारखान्याने दिलेला ओळख नंबर (व्हीआयएन) 7, आर, 02, सी असा सुरू झाला, तर साल 1967, कारखाना कॅलिफोर्नियातला सॅन होजे, बॉडी फास्टबॅक, म्हणजे मागे उतरत्या छताची, आणि इंजिन 289 घनइंचाचं, 200 अश्वशक्तीचं. पाचवं अक्षर 'टी' असेल तर सहा सिलिंडरची साधी गाडी. 'के' असेल तर 271 अश्वशक्तीची, जिच्यासाठी बराच गंज सोसावा. दारावरची पाटी दारासकट बदललेली असू शकते, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या फेंडरवर ठोकलेला नंबर आणि मालकीचा कागद, म्हणजे टायटल, जुळवून पाहा. 1967 पासूनच्या गाड्यांना मार्टी रिपोर्ट मिळतो. गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात, कोणत्या सामानासह निघाली ते त्यात कळतं. नंबर जुळत नसेल किंवा टायटल नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, मी परत फिरतो.

मग हिशेब. मस्टँगचा जवळपास प्रत्येक पत्रा नवा मिळतो. डायनाकॉर्न ही कंपनी 1967 च्या फास्टबॅकची अख्खी बॉडीही बनवते. सामान ही अडचणच नाही, खर्च मजुरीचा. पत्रेकामाचे तास लेखी मागा, त्यात रंग, ब्रेक, वायरिंग आणि सीटकाम मिळवा, आणि वर एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा, कारण रंग खरवडल्यावर गंज वाढलेलाच निघतो. ही बेरीज तशाच, तयार झालेल्या गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहा. साध्या सहा सिलिंडरच्या गाडीत काउल, टॉर्क बॉक्स आणि मागच्या रेल तिन्ही गेल्या असतील, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. अशी गाडी सुट्या भागांसाठी घ्या, नाहीतर सोडा. त्याच पैशात कोरड्या हवेच्या ॲरिझोनातली उन्हाने तडकलेल्या डॅशबोर्डची, पण कोरड्या पत्र्याची गाडी मला कितीतरी पटीने बरी वाटते.

गाडी वडिलांची किंवा सासऱ्यांची असेल, तर बाजारभावाशी तुलना बाजूला ठेवा. तरी कामाचा क्रम बदलू नका. आधी ती कोरड्या छपराखाली आणा, मग काउल, त्यानंतर रेल आणि फ्लोअर, मग ब्रेक. काउलमधून पाणी आत येत नाही हे बादलीने पुन्हा तपासल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.