आसाकुसा पायी: पहाटेच्या देवळापासून मुळ्याच्या गणपतीपर्यंत

टोक्योच्या शितामाचीत, म्हणजे कारागीर आणि दुकानदारांच्या जुन्या सखल वस्तीत, आसाकुसा बघायचं तर सकाळी साडेसातला तिथे असा. अकरानंतर फक्त माणसांच्या पाठी दिसतात. गिंझा लाइनच्या आसाकुसा स्टेशनवर १ नंबरच्या दाराने बाहेर पडा. त्सुकुबा एक्सप्रेसचं आसाकुसा स्टेशन वेगळं, बरंच पश्चिमेला आहे. मॅपवर नुसतं नाव टाकलं की इथेच घोळ होतो.

सेन्सोजी या बौद्ध देवळाच्या कामिनारिमोन दारातला लाल कंदील ३.९ मीटर उंच आहे. त्याच्या खाली उभं राहून वर बघा, तळाला ड्रॅगन कोरलाय. पुढची २५० मीटरची नाकामिसे ही दुकानांची गल्ली त्या वेळी बंद असते, म्हणून तर शटरांवरची चित्रं बघायला मिळतात.

सेन्सोजीचं मुख्य देऊळ सकाळी ६ ला उघडतं, ऑक्टोबर ते मार्च साडेसहाला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं. आजची इमारत १९५८ ची, काँक्रीटची. खरं जुनं बघायचं तर उजवीकडे वळा: नितेनमोन दरवाजा आणि आसाकुसा जिंजा (जिंजा म्हणजे शिंतो धर्माचं देवस्थान), दोन्ही १६४९ च्या सुमारास बांधलेले. देवळातली कान्नोन म्हणजे आपल्या कान्हेरी-वेरूळच्या लेण्यांतला अवलोकितेश्वर. तिच्यापुढे नुसते हात जोडा, टाळ्या वाजवू नका. टाळ्या शेजारच्या जिंजात: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा वाकायचं.

दहापर्यंत दुकानं उघडतात. कामिनारी-ओकोशी आपल्या कुरमुऱ्याच्या चिक्कीच्या जवळची: फुललेला तांदूळ, पाक, शेंगदाणे. इमो-योकान म्हणजे रताळं, साखर आणि किंचित मीठ. निंग्योयाकी या छोट्या भरलेल्या केकमध्ये अंडं असतं. खाणं घेतलं की दुकानासमोरच उभं राहून संपवा, इथे चालत खाणं शिष्टाचाराला धरून नाही. कचरापेट्याही जवळपास सापडत नाहीत, तेव्हा खिशात एक पिशवी ठेवा.

दुपारी मोंजायाकी, म्हणजे टेबलावरच्या तव्यावर स्वतःच भाजायचं पातळ पिठाचं खाणं. कोबी आणि बाकीचं साहित्य आधी तव्यावर परतून दोन कालथ्यांनी बारीक करा, त्याचं गोल आळं करा आणि पातळ पीठ मधे ओता. आळ्याला फट राहिली की पीठ तव्याच्या कडेपर्यंत पळतं, म्हणून आधी थोडंच ओता. दाटायला लागलं की सगळं एकत्र करून पातळ पसरा. चिमुकल्या कालथ्याने कडेपासून दाबून खरवडत खा. गंमत त्या खरवडीतच आहे.

शाकाहारी असाल तर सांभाळा: मोंजाच्या पिठात बहुधा माशाचा दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असतो. ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको एवढंच. ‘निकु मो साकाना मो दाशी मो ताबेमासेन’ म्हणा, म्हणजे मांस, मासे, दाशी काहीच खात नाही.

शेवटी देवळामागून ईशान्येला दहा-पंधरा मिनिटं चाला आणि माचुचियामा शोदेन या देवळात चारच्या आत पोचा. मराठी माणसाने हे ठिकाण चुकवूच नये. शोदेन म्हणजे जपानमध्ये पोचलेला गणपती. मूर्ती मात्र दिसणार नाही, ती झाकलेलीच असते. त्याला इथे पांढरा मुळा वाहतात, आणि तो देवळातच विकत मिळतो. वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून वाटतात. मिळाला तर घ्या. हॉटेलात चूल नसली तरी चकत्या करून मीठ लावून कच्चा खाता येतो.