एक्सप्रेसमधली सेशन्स मुळासकट कशी काढायची

एक्सप्रेस (नोड.जेएसचं वेब फ्रेमवर्क) वापरून केलेल्या साइटवर लॉगआउटला कुकी उडवली की काम झालं, असं समजू नका. कुकी म्हणजे सामानघराची नुसती पावती. सामान, म्हणजे सेशन (लॉगइन केलेल्या माणसाची सर्व्हरकडची माहिती), रेडिस या मेमरीतल्या डेटा-साठ्यात तसंच पडून असतं. ती पावती कोणी आधीच उतरवून घेतली असेल, तर लॉगआउटनंतरही त्याला आत शिरता येतं.

सेशन सांभाळणारं ‘एक्सप्रेस-सेशन’ पॅकेज वापरत असाल तर आधी सेशनवर ‘डिस्ट्रॉय’ चालवा. त्याच्या कॉलबॅकमध्ये (ते काम संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एरर तपासा, मग ‘क्लिअरकुकी’ आणि रीडायरेक्ट. हे दोन्ही कॉलबॅकच्या आतच हवेत. बाहेर ठेवलेत तर पुसणं फसलं तरी वापरकर्त्याला ‘लॉगआउट झालं’ असंच दिसतं. कुकीचं नाव बदललं नसेल तर ते ‘कनेक्ट.एसआयडी’ असतं. पाथ आणि डोमेन मात्र कुकी लिहिताना दिलेलेच द्या. फरक पडला तर कुकी जागची हलत नाही आणि एररही येत नाही.

खरी कसरत पासवर्ड बदलल्यावर, म्हणजे त्या माणसाची सगळ्या डिव्हाइसवरची सेशन्स काढताना. रेडिसमध्ये सेशनची की, म्हणजे ते ज्या नावाने साठवलं जातं ते, असते ‘सेस:’ आणि पुढे आयडी. सेशन कोणाचं, हे कीवरून कळत नाही. त्यासाठी लॉगइनच्या वेळीच, ‘रीजनरेट’ (जुनं सेशन टाकून नवं बनवणं) झाल्यावर मिळालेला नवा आयडी त्या वापरकर्त्याच्या नावाच्या रेडिस सेटमध्ये टाका. रीजनरेटच्या आधीचा टाकलात तर तो आयडी केव्हाच बाद झालेला असतो. काढायच्या वेळी सेट वाचून एकेक की ‘डेल’ करा, मग सेट पुसा. मुदत संपलेल्या सेशनचे आयडी सेटमध्ये साचत राहतात, ते अधूनमधून झाडावे लागतात.

हाताने शोधताना एक फसगत हमखास होते. कुकीतली किंमत जशीच्या तशी रेडिसमध्ये शोधली तर काही सापडत नाही, कारण ती सही केलेली असते: ‘एस’, कोलन, आयडी, टिंब, सही. कोलन ते टिंब यांच्यामधला भागच आयडी.

सरसकट सगळी काढायची असतील तर चालू सर्व्हरवर सगळ्या की एका दमात शोधणारी ‘कीज’ कमांड नको. ती पूर्ण होईपर्यंत रेडिस बाकीच्यांना ताटकळत ठेवतं. थोड्या थोड्या की देणारी ‘स्कॅन’ वापरा आणि तिने दिलेला कर्सर शून्यावर येईपर्यंत फिरवा. मधली एखादी खेप रिकामी आली म्हणून थांबू नका. ‘फ्लशऑल’ तर सेशन्सबरोबर कॅशे आणि जॉबच्या रांगाही धुऊन नेतं.

एवढं करूनही पुसलेलं सेशन कधी कधी परत उगवतं. दुसऱ्या एखाद्या रिक्वेस्टने ते आधीच वाचलेलं असतं आणि आपलं काम संपताना ती ते पुन्हा लिहिते. ‘रीसेव्ह’ (बदल नसतानाही सेशन पुन्हा लिहिण्याची सेटिंग) फॉल्स ठेवलं की हे बरंच कमी होतं, पण त्या रिक्वेस्टने सेशनमध्ये काही बदललं असेल तर नाही. म्हणून वापरकर्त्याच्या नोंदीत एक आवृत्ती क्रमांक ठेवा आणि लॉगइनला तो सेशनमध्ये उतरवा. पासवर्ड बदलला की नोंदीतला आकडा एकाने वाढवा आणि प्रत्येक रिक्वेस्टला दोन्ही जुळवून पाहा. डेटाबेसकडे एक फेरी जास्त पडते, पण परत उगवलेलं सेशन दारातच अडतं.

उघडी वेबसॉकेट जोडणी (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत चालू राहणारी) मात्र यातल्या कशानेच तुटत नाही. ती वेगळी बंद करा.