वापरलेली लक्झरी सेदान घेताना या चुका टाळा: सुरक्षा रेटिंग आणि मालकांच्या तक्रारी कशा वाचाव्यात

वापरलेली लक्झरी सेदान घ्यायचे मनात आले की बहुतेक जण दोन गोष्टी शोधतात. त्या मॉडेलला सुरक्षा चाचणीत किती तारे मिळाले, आणि आधीच्या मालकांनी कोणत्या तक्रारी केल्या. दोन्ही पाहायलाच हव्यात. मात्र तारे मिळालेले असतात ते कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीला, आणि तक्रारी असतात त्या इतरांच्या गाड्यांबद्दलच्या. विक्रीला उभी असलेली, आठ-दहा वर्षे वापरलेली आणि दोन-तीन मालकांच्या हातांतून गेलेली गाडी या दोहोंपेक्षा वेगळी असते. मॉडेलबद्दलची माहिती त्या एका चेसिस नंबरपर्यंत आणून पडताळायची, हे काम खरेदीदारालाच करावे लागते, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ते काम अर्धवट सोडल्यामुळे होतात.

तारे मोजणे, पण चाचणीचे वर्ष न पाहणे

पाच तारे दिसले की सुरक्षेचा विषय संपला असे समजणे, ही यातली सर्वांत मोठी चूक आहे, कारण चाचण्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत गेले आहेत. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेने २०११ च्या मॉडेल वर्षापासून आपली पद्धत बदलली. लहान चणीच्या स्त्रीची डमी (माणसाच्या जागी बसवायचा पुतळा) वापरात आणली, गाडी बाजूने खांबावर आदळवण्याची चाचणी जोडली आणि सगळ्या निकालांचे मिळून एक एकत्रित रेटिंग द्यायला सुरुवात केली. त्यामुळे २०१० च्या गाडीचे पाच तारे आणि २०१२ च्या गाडीचे चार तारे शेजारी ठेवून पहिली गाडी जास्त सुरक्षित असा निष्कर्ष काढता येत नाही. युरोपात गाड्यांच्या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या युरो एनसीएपीचेही तसेच आहे. २०२० पासून तिथे समोरच्या धडकेत स्थिर अडथळ्याऐवजी चुरगळणारे तोंड असलेली ट्रॉली वापरली जाते आणि गाडी व ट्रॉली, दोन्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने एकमेकांवर आदळवल्या जातात.

लक्झरी सेदानपुरते बोलायचे तर याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१२ चे आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने त्या वर्षी ‘स्मॉल ओव्हरलॅप’ नावाची नवी चाचणी सुरू केली. तीत गाडीच्या पुढच्या रुंदीचा चालकाच्या बाजूचा फक्त २५ टक्के भाग ताशी ६४ किलोमीटर वेगाने कडक अडथळ्यावर आदळतो. झाडाला किंवा खांबाला कोपरा लागावा, तशी ही धडक असते. धक्का पेलणारे चेसिसचे मुख्य दांडे गाडीच्या मधल्या भागात असल्याने अशा वेळी त्यांचा फारसा उपयोग होत नाही. जोर थेट पुढच्या चाकावर आणि काचेशेजारच्या खांबावर येतो आणि चाक चालकाच्या पायांकडे ढकलले जाते. पहिल्या फेरीत मध्यम आकाराच्या ११ लक्झरी आणि त्यांच्या जवळपासच्या गाड्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी अक्युरा टीएल आणि व्होल्वो एस६० या दोनच गाड्यांना ‘गुड’ मिळाले. मर्सिडीज-बेंझ सी-क्लास, ऑडी ए४, लेक्सस आयएस आणि लेक्सस ईएस यांना ‘पुअर’ मिळाले, आणि फोक्सवॅगन सीसीचा दरवाजा तर बिजागऱ्यांपासून सुटून निघाला. यांतल्या ‘पुअर’ ठरलेल्या गाड्या समोरच्या जुन्या चाचणीत उत्तम ठरलेल्या होत्या, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यानंतर कंपन्यांनी रचना बदलल्या, आणि काहींनी एकाच पिढीच्या मधल्या वर्षात बदलल्या. म्हणूनच आयआयएचएसच्या निकालात पुष्कळदा ‘अमुक महिन्यानंतर बनलेल्या गाड्यांना लागू’ अशी ओळ असते. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर गाडीचा बनावटीचा महिना छापलेला असेल, तर निकालातली तारीख त्याच्याशी ताडून पाहावी. नोंदणीचे वर्ष इथे कामाचे नाही. काही उत्पादकांनी सुरुवातीला चालकाचीच बाजू मजबूत केली होती, हे उघड झाल्यावर शेजारच्या प्रवाशाच्या बाजूचीही चाचणी २०१७ मध्ये सुरू झाली. बाजूच्या धडकेची चाचणी २०२१ मध्ये आणखी कडक झाली: आदळणाऱ्या ट्रॉलीचे वजन सुमारे १,५०० किलोंवरून १,९०० किलोंवर आणि वेग ताशी ५० वरून ६० किलोमीटरवर गेला. याचा अर्थ २०१५ ची सेदान वाईट आहे असा नाही. तिला ‘गुड’ कशात मिळाले आणि कशात तिची परीक्षाच झालेली नाही, एवढे तरी आपल्याला माहीत असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. एनएचटीएसएचे समोरच्या धडकेचे तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तुलनेला घ्यायचे असतात. छोट्या गाडीचे पाच तारे मोठ्या सेदानच्या चार ताऱ्यांपेक्षा सरस आहेत, असे त्यावरून म्हणता येत नाही.

चाचणीतली गाडी आणि समोरची गाडी एकच समजणे

लक्झरी गाड्यांत सुरक्षेची बरीच साधने वरच्या व्हेरिएंटमध्ये किंवा वेगळे पैसे भरून घ्यायच्या पॅकेजमध्ये असतात. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, अंध भागाची सूचना, वळणाबरोबर वळणारे दिवे यांवर रेटिंग मिळालेले असू शकते आणि विक्रीतल्या गाडीत त्यांपैकी काहीच नसू शकते. दिव्यांचे उदाहरण पुरेसे आहे. आयआयएचएसने २०१६ मध्ये हेडलाइट तपासायला सुरुवात केली तेव्हा मध्यम आकाराच्या ३१ गाड्यांमध्ये एकाच गाडीच्या दिव्यांना ‘गुड’ मिळाले, आणि ती गाडी लक्झरी वर्गातली नव्हतीच. बीएमडब्ल्यू ३ सिरीजचे हॅलोजन दिवे सगळ्यांत मागे राहिले. त्या दिव्यांवर रस्त्यातला अडथळा दिसून वेळेत थांबायचे, तर वेग ताशी ५६ किलोमीटरच्या आतच ठेवावा लागला असता. त्याच गाडीचे वळणारे एलईडी दिवे मात्र त्यांच्यापेक्षा बरे ठरले. म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्या रात्रीच्या रस्त्यावर दोन वेगळ्या गाड्या असतात. त्यामुळे चेसिस नंबरवरून मूळ साधनांची यादी काढून घ्यावी, आणि यादीत आहे ते गाडीत चालते आहे का, हे स्वतः पाहावे.

चालते आहे का, हे पाहणे महत्त्वाचे अशासाठी की पुढची काच बदलल्यावर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे, आणि बंपर बदलल्यावर त्याच्याआडच्या रडारचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळणी, पुन्हा करावे लागते. ते न केलेली गाडी कधी इशारा देते, तर कधी काहीच न दाखवता चुकीच्या अंतराने काम करते. काचेवरची कंपनीची खूण इतर काचांपेक्षा वेगळी दिसली, तर कॅलिब्रेशनचे बिल मागावे.

एअरबॅग आहे, एवढ्यावर समाधान मानणे

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच चुकीची, कारण ती अपघात होईपर्यंत दिसत नाही. गाडी सुरू न करता फक्त इग्निशन चालू करावे. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलेलाच राहिला, तर यंत्रणेत दोष नोंदलेला आहे. पुष्कळदा त्याचे कारण सीट मागे-पुढे करताना ढिली झालेली सीटखालची जोडणी एवढेच असते. पण दिवा मुळीच लागला नाही, तर ते अधिक गंभीर समजावे, कारण उडालेल्या एअरबॅगा परत न बसवता दिवाच बंद करून ठेवण्याचे प्रकार होतात. या तारांना मल्टिमीटर लावून पाहणे कटाक्षाने टाळावे. एअरबॅग उडू शकते. त्या यंत्रणेशी बोलू शकणारा स्कॅनर असलेल्या माणसाकडेच हे काम द्यावे.

त्याच वेळी पुढचे दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावेत. आतल्या, एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल, तर गाडी बहुधा पाण्यात उभी राहिलेली आहे. पट्ट्याच्या तळाशी बहुधा एक शिवलेले लेबल असते आणि त्यावर बनावटीची तारीख असते. ती गाडीच्या बनावटीच्या तारखेनंतरची निघाली, तर पट्टा बदललेला आहे, आणि तो का बदलावा लागला या प्रश्नाला विक्रेत्याकडे कागदासह उत्तर असले पाहिजे.

यापुढचा मुद्दा टाकाटा एअरबॅगांचा. या कंपनीच्या अनेक इन्फ्लेटरमध्ये (एअरबॅग फुगवणाऱ्या भागात) ओलावा शोषणारा घटक न घालता अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते बिघडते, आणि एअरबॅग उडताना इन्फ्लेटरचे धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगावर येतात. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर या रिकॉलमध्ये, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी परत बोलावण्याच्या मोहिमेत, आले. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, ऑडी, लेक्सस, अक्युरा, इन्फिनिटी या सगळ्यांच्या गाड्या त्यांत आहेत. २००० ते २००६ च्या काही बीएमडब्ल्यू गाड्या दुरुस्तीपर्यंत अजिबात चालवू नका, अशी सूचना मे २०२३ मध्ये दिली गेली. ‘रिकॉल झालेले आहे’ असे विक्रेता म्हणाला तरी जुन्या पावतीवर थांबू नये, कारण सुरुवातीच्या काळात काही गाड्यांत त्याच प्रकारचे इन्फ्लेटर तात्पुरते बसवले गेले आणि त्यांना पुन्हा बोलवावे लागले. १७ अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या रिकॉल तपासणीत आजच्या तारखेला टाकावा आणि एअरबॅगचे काम बाकी दिसले, तर ते पूर्ण होईपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नये.

तक्रारींची संख्या मोजणे

ज्याची गाडी बिघडते तो लिहितो. ज्याची चालते तो सहसा लिहीत नाही. भरपूर विकलेल्या मॉडेलच्या तक्रारी जास्त दिसणार आणि मोजक्या विकलेल्या मॉडेलबद्दल शांतता असणार, हे उघड आहे. म्हणून संख्या बाजूला ठेवून साम्य शोधावे: तोच भाग, साधारण तेवढेच किलोमीटर, तेच लक्षण, आणि एकमेकांना न ओळखणारे अनेक मालक. बीएमडब्ल्यूच्या एन२० इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड तुटण्याची तक्रार अशीच होती, आणि २००९ ते २०११ च्या काही ऑडी ए४ गाड्यांत पिस्टन रिंगमुळे इंजिन ऑइल जळण्याचीही. दोन्ही बाबतींत प्रश्न ‘ही गाडी चांगली की वाईट’ असा नसून, ‘या गाडीचे ते काम झाले आहे का, आणि त्याचे बिल कुठे आहे’ असा असतो.

रिकॉल आणि सर्व्हिस बुलेटिन यांची गल्लत तर सर्रास होते. रिकॉल सुरक्षेशी संबंधित असतो आणि ती दुरुस्ती कंपनी विनामूल्य करते. बुलेटिन म्हणजे वर्कशॉपसाठी काढलेली तांत्रिक सूचना. वॉरंटी संपलेली असेल, तर खर्च मालकाचाच.

लक्षणाला रोग समजून पैसे घालवणे

एकाच दिवशी ब्रेक, स्टिअरिंग, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन, सगळ्यांचे इशारे पडद्यावर आले, तर आधी बॅटरी तपासावी. या गाड्यांत डझनावारी कंट्रोल युनिट असतात आणि व्होल्टेज घसरले की ती एकामागून एक खोटे दोष नोंदवतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. अनेक मॉडेलमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर तिची गाडीच्या संगणकात नोंद करावी लागते. ती न केल्यास गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहते आणि नवी बॅटरी लवकर खराब होते.

एअर सस्पेन्शनचे, म्हणजे हवा भरलेल्या स्प्रिंगांवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचे, निदानही असेच चुकते. सकाळी गाडीचा एक कोपरा बसलेला दिसतो, कॉम्प्रेसर जळालेला निघतो, तो बदलला जातो, आणि काही महिन्यांत नवाही जातो. मूळ गळती एअर स्प्रिंगमध्ये किंवा नळीत असते आणि ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहिल्याने जळतो. खरेदीपूर्वी सपाट जागी चारही चाकांच्या कमानीची उंची संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून घेतली, तर गळती कोणत्या चाकाकडे आहे ते बहुधा कळते.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून पाहावे. चेनचा खडखडाट, ऑइल जळाल्याचा निळसर धूर आणि थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्हवर साचलेल्या काजळीमुळे होणारी थरथर पहिल्या मिनिटात ओळखू येते. आपण पोहोचलो तेव्हा बॉनेट गरम लागले, तर दुसरी वेळ मागावी. स्कॅनरवर एकही दोष दिसला नाही म्हणून हुरळून जाऊ नये. गाडीचा संगणक आपोआप करतो त्या प्रदूषणविषयक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर नोंदी नुकत्याच पुसलेल्या आहेत किंवा बॅटरी काढलेली आहे.

गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभराचे आहे, या विधानावर विश्वास ठेवू नये. बीएमडब्ल्यू, ऑडी आणि जॅग्वार यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलण्याचा सल्ला देते. एवढे चाललेल्या गाडीत ते बदलल्याची नोंद नसेल आणि गिअर पडताना झटका जाणवत असेल, तर लगेच नवा गिअरबॉक्स घेण्याची भाषा ऐकून घाबरूही नये. आधी ऑइलची पातळी, गळती आणि सॉफ्टवेअर तपासून घ्यावे.

शेवटी टायर. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. अनेक लक्झरी सेदानमध्ये रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) असतात आणि स्टेपनी नसते. मधल्या मालकाने साधे टायर बसवले असतील, तर पंक्चर झाल्यावर गाडी जागेवर उभी राहील, हे आधीच माहीत असावे. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि जवळपास सारखे झिजलेले असले पाहिजेत, नाहीतर त्याचा भार पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या सेंटर डिफरेन्शियल किंवा ट्रान्सफर केसवर पडतो, आणि ती दुरुस्ती चार टायरांपेक्षा कितीतरी महाग असते.